साठवणीच्या धान्यातील कीड व उष्णतेचे गणित



भाताने भरलेल्या कणगीत खोलवर हात घातला असता आतील धान्य कधी कधी कोमट लागते. जवळपास चूल नाही, ऊनही पोहोचत नाही. तरी ही ऊब येते कोठून? तिचा उगम बहुधा धान्यात दडलेल्या किडीच्या शरीरातील अतिसूक्ष्म पेशींत असतो. त्या पेशींचा व्यवहार समजून घेतला, तर धान्याच्या रक्षणाचा मार्गही सापडतो.

तांदळातील सोंडकिडा हे याचे नित्य परिचयाचे उदाहरण होय. याची मादी दाण्याला बारीक छिद्र पाडून त्यात अंडे घालते व छिद्र लिंपून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते, म्हणून किडा बाहेर पडेपर्यंत नुकसान डोळ्यांना दिसत नाही. अळीने खाल्लेल्या पिष्टाची पचनमार्गात साखर होते, पेशींत साखरेचे विघटन होते व पेशीतील तंतुकणिका प्राणवायूच्या साहाय्याने त्यातून ऊर्जा काढून घेतात. ही ऊर्जा एटीपी नावाच्या द्रव्याच्या रूपाने वाढीसाठी व हालचालीसाठी उपयोगी पडते. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, आणि तिच्याबरोबर कर्बद्विप्राणिल वायू व पाणीही.

मनुष्याचे शरीर आपले तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअसवर राखते. सोंडकिड्याला ती सोय नाही. भोवतालचे धान्य जितके उष्ण, तितकेच त्याचे शरीर उष्ण. पेशींतील रासायनिक क्रिया विकरांच्या द्वारे चालतात आणि त्यांचा वेग, ठराविक मर्यादेत, दर १० अंशांच्या वाढीबरोबर साधारणपणे दुपटीतिपटीने वाढतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी १९१४ साली पिठात आढळणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या कोशांवर प्रयोग केले. तापमान वाढले की कोशांचे श्वसन वाढते व त्यांची वाढही लवकर पुरी होते, असे त्यांना दिसून आले. क्रोग यांना पुढे १९२० साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र अन्य संशोधनाबद्दल.

सोंडकिड्याची अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंतची वाढ ३० अंशांच्या आसपास चारपाच आठवड्यांत पुरी होते. १८ अंशांवर तिला सुमारे तीन महिने लागतात आणि १३ अंशांच्या खाली ती थांबतेच. जेथे कडाक्याची थंडी पडते, तेथे हिवाळा हाच काही काळ धान्याचा राखणदार ठरतो. गोव्याच्या किनारपट्टीवर हा लाभ नाही. तेथील उबदार, दमट हवा किडीला जवळजवळ वर्षभर मानवते.

याहून मोठा धोका पुढे आहे. धान्य हे उष्णतेचे मंद वाहक असल्याने किडीने सोडलेली उष्णता राशीतच कोंडून राहते. त्या उबेने किडीच्या पेशींचा वेग वाढतो व वेग वाढला की ऊब आणखी वाढते. अशा जागी तापमान ४० अंशांच्या वर जाऊ शकते. आतील दमट हवा वर चढून थंड थराशी पोहोचली म्हणजे तिचे पाणी होते, दाणे ओलावतात व त्यांवर बुरशी धरते. किडीने आरंभिलेला नाश बुरशी पुरा करते.

तथापि उष्णतेची ही मैत्री अमर्याद नाही. ३५ अंशांपुढे वाढ रखडू लागते. त्याहून अधिक तापमानात विकरांची व पेशीपटलांची रचना बिघडते आणि प्राणवायूची गरज वाढत असताना ऊर्जानिर्मिती मात्र मागे पडते. ४५ अंशांवर काही तासांत व ५० ते ६० अंशांवर काही मिनिटांत किडी मरतात. परंतु अर्धवट उष्णता पुरेशी नसते. इटलीचे शास्त्रज्ञ फेरुच्चो रितोसा यांनी १९६२ साली फळमाशीच्या पेशींत पाहिलेल्या बदलांवरून पुढे असे उमगले की, उष्णतेचा आघात होताच पेशी संरक्षक प्रथिने तयार करू लागते. जाड थरातील धान्यात तर किडी सावलीच्या तळाशी सरकतात. म्हणून कडक उन्हात पातळ थर पसरून धान्य वारंवार परतावे. मात्र अतिउष्णतेने बियाण्याची उगवणशक्ती जाते, यास्तव बियाणे फार तापवू नये. वाळवलेले धान्य निवल्यावरच भरावे, म्हणजे ऊब आत कोंडली जाणार नाही. साठवणीच्या वेळी त्यात ओलावा सुमारे १२ टक्क्यांहून अधिक नसावा.

दुसरा उपाय प्राणवायूचा. हवाबंद कोठीत धान्य काठोकाठ भरले म्हणजे आत हवा थोडी उरते व किडीच याच हवेतील प्राणवायू संपवितात. तो तीन टक्क्यांच्या खाली गेला की त्यांचा ऊर्जाव्यवहार खुंटतो. उबदार हवामानात पेशी प्राणवायू जलद खर्चितात, म्हणून हा उपाय तेथे अधिक लवकर फळ देतो. भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा कोठी मातीच्या भिंतीत प्लास्टिकचा कागद घालून बांधतात, तो ओल व हवा यांना अटकाव करण्यासाठीच. मात्र अशी कोठी वरचेवर उघडल्यास आत नवा प्राणवायू जातो व केलेले श्रम वाया जातात.

शिक्षकांना हे तत्त्व वर्गात दाखविता येईल. काचेच्या बाटलीत चारपाच सोंडकिडे घालून बाटली बर्फाच्या पाण्यात धरावी. थोड्याच वेळात ते मंदावतात. बाटली बाहेर काढून तळहातांत धरली की पुन्हा चालू लागतात. कणगीतील दाणे महिन्याकाठी हातात घेऊन त्यांची ऊब पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर कीड डोळ्यांना दिसण्याआधीच घरातील वडील माणसांना सूचना मिळेल आणि धान्य वेळीच उन्हात पडेल.