परसातल्या पिकांचा हिशोब

(महिला आघाडीच्या जिल्हा बैठकीतील भाषण)



कांद्याचा हिशोब मांडायला सारे गाव बसते. परसाचा हिशोब कोणी मांडत नाही. म्हणून आम्ही बायांनी ठरवले, घरामागच्या अर्ध्या गुंठ्याची वही वर्षभर ठेवायची. काय तोडले, किती शिजवले, त्या दिवशी बाजारात भाव काय होता आणि पाण्याला, खुरपणीला वेळ किती गेला, एवढेच लिहायचे. वहीत जी झाडे पुढे निघाली ती सांगतो.

पहिला नंबर शेवग्याचा. तमिळनाडूतल्या पेरियाकुलमचा पीकेएम-१ हा वाण बियांपासून लावला. झाड कमरेच्या वर गेले तसा शेंडा खुडला. त्याने फांद्या फुटल्या आणि शेंग हाताला येऊ लागली. पहिली शेंग वर्षाच्या आत मिळाली. पाल्याचीही भाजी झाली. उन्हाळ्यात पाण्याची ओढ बसली, तरी झाड टिकले.

दुसरा नंबर कुंपणावरच्या गावरान वालाचा. मृगात लावला, दिवाळीपर्यंत नुसता पाला. घरचे म्हणाले, उपटून टाका. पण या वालाला दिवस लहान झाल्याशिवाय फूल येत नाही. थंडी पडली आणि वेल लगडला. भोगीच्या भाजीला घरचाच वाल होता.

तिसरा नंबर अळूचा. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढला, वेगळी घागर ओतावी लागली नाही. कोबी मात्र फसला. रोपे विकतची, औषध विकतचे, आणि अळीने पानांची चाळण केली. तेही वहीत लिहिले आहे.

आता बियाण्याचे. वाल, चवळी यांचा परागकण बहुतेक फुलातल्या फुलातच पडतो, म्हणून बी बरेचसे तसेच उतरते. दोडका-भोपळ्याचे पराग कीटक नेतात, तिथे दोन वाण जवळ लावू नका. संकरित वाणाचे बी धरून उपयोग नाही. निरोगी वेलाच्या भरलेल्या शेंगा वेलावरच वाळू द्या आणि बी राखेत घालून मडक्यात ठेवा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असेच गावरान बी जपले. त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि छापाच्या नावाशिवाय विकण्याचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आपल्याला दिला आहे.

शेवटी मुद्द्याचे. १९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी सीताशेतीचा विचार मांडला. पण परस पिकतो म्हणून कमी भावात भागवा, असे कोणी म्हणाले तर ते आम्हाला मान्य नाही. शेतात तोटा आला तरी ताटात भाजी दिसते, म्हणून तो तोटा झाकला जातो. तो झाकते बाईची बिनमजुरीची मेहनत. वही ठेवली तर ही मेहनत आकड्यात दिसते. ती दिसली, तर घामाचे दाम मागताना आपल्या हातात पुरावा राहील.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने दोन गोष्टी आणाव्यात: मूठभर बी आणि आपली वही. बी वाटून घेऊ, हिशोब एकत्र मांडू.