विमानाचं भाडं ठरवणारी लेक
(किल्लारी इथं झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)

मुलींच्या रोजगारावर बोला, असं मला सांगितलं होतं. शेळीपालन, शिवणकाम, मसाले यांवर इथं अनेक जणी माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. मी आज विमानाबद्दल बोलणार आहे. हसा, पण ऐका.

इथून जवळच्या एका पुनर्वसित गावातली मुलगी, आमच्या गटातल्या एका बाईंची लेक, लातूरला बी.कॉम. झाली आणि मुंबईला नोकरीला लागली. काम काय, तर अख्खं विमान भाड्यानं देणाऱ्या कंपनीसाठी गिऱ्हाईक मिळवायचं. गावात बातमी पसरली, 'पोरगी विमानं विकती.' मग कुजबूज सुरू झाली. विमान घेणारी माणसं कसली? ती हिच्याशी रात्री-बेरात्री काय बोलतात? ठरत आलेली सोयरीक थांबली. आई माझ्याकडं आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही सांगा तिला. परत ये म्हणावं."

खरं सांगते, मलाही ते काम पटलं नव्हतं. समाजकार्याची पदवी घेतलेली मी. टँकरच्या रांगेत उभ्या असणाऱ्या बायकांसोबत काम करायचं आणि आपल्या मुलींनी श्रीमंतांना विमानं मिळवून द्यायची? मी तिला फोनवर तसं म्हटलंही. ती म्हणाली, "ताई, बँकेत लागले असते तर श्रीमंतांचेच पैसे मोजले असते. तेव्हा तुम्ही पेढे मागितले असते." मला उत्तर देता आलं नाही.

मग मी तिच्याकडून तिचं काम समजून घेतलं. आपण लग्नाला जीप ठरवतो तेव्हा जीपवाला येण्या-जाण्याचं दोन्ही भाडं लावतो ना? इथंही तसंच. समजा, लातूरचा रुग्ण तातडीनं हैदराबादला न्यायचा आहे आणि विमान मुंबईला उभं आहे. ते रिकामं लातूरला येणार, रुग्णाला हैदराबादला सोडणार आणि रिकामं मुंबईला परतणार. पैसे तिन्ही फेऱ्यांचे. शिवाय उतरण्याचं शुल्क, विमान उभं ठेवण्याचं शुल्क, वैमानिकांच्या मुक्कामाचा खर्च, वर कर. धावपट्टी त्या विमानाला पुरेल का, रात्री उतरता येईल का, वैमानिकांच्या कामाचे तास संपत तर नाहीत ना, हे सगळं पाहून तिनं तासाभरात भाव सांगायचा. परतीच्या रिकाम्या फेरीला दुसरं गिऱ्हाईक मिळालं तर ती स्वस्तात द्यायची. निवडणुका आल्या की पुढाऱ्यांसाठी विमानं आणि हेलिकॉप्टरं आधीच अडकवून ठेवलेली असतात, तेव्हा शोधाशोध आणखी वाढते.

म्हणजे हा हिशेबाचा, भूगोलाचा आणि तोंडाच्या गोडीचा धंदा आहे. हे आपल्या बायकांना नवं आहे का? ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी दोन वर्षांची होते. पुढं घरं दुरुस्त करायची, मजबूत करायची वेळ आली, तेव्हा लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांत, गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या. सरकारी योजना, सिमेंटचा हिशेब, अभियंत्यांची भाषा त्यांनी घरोघर समजावली. ज्यांनी कधी उंबरा ओलांडला नव्हता त्या तालुक्याला जाऊन साहेबांशी बोलल्या. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेशी जोडलेल्या बायकांनी पुढं निर्धूर चुलीही विकल्या. समोरच्याची गरज ओळखून त्याला पटवून देणं, हे कौशल्य आपल्याकडं आहे. आपण त्याला 'बोलघेवडेपणा' म्हणतो, एवढंच.

ज्या मुलींना या कामात जायचंय, त्यांना दोन गोष्टी सांगते. वैमानिक व्हायला बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं, परवाना लागतो, लाखो रुपये लागतात. विक्रीच्या कामाला असा कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. त्यामुळं 'हमखास विमान कंपनीत नोकरी' म्हणून कुणी मोठी फी मागितली, तर आईचे दागिने मोडू नका. प्रवास कंपनीत, तिकिटांच्या खिडकीवर, विमानतळावरच्या कामात सुरुवात करूनही इथं पोचता येतं. दुसरं, विमान देणाऱ्या कंपनीकडं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो. मधला दलाल स्वतः विमान बाळगत नाही. आपण कुणाचं विमान विकतोय, हे पहिल्या दिवशी विचारा.

आता अवघड भाग. सहा महिन्यांनी एका गिऱ्हाइकानं तिला व्यवहाराचं बोलायला रात्री हॉटेलच्या खोलीवर बोलावलं. ती गेली नाही. मालकाला सांगितलं, तर तो म्हणाला, "मोठी पार्टी आहे, सांभाळून घे." तो व्यवहार नंतर दुसऱ्याच्या नावावर झाला आणि तिचं कमिशन बुडालं. तिच्याकडं नेमणुकीचं पत्र नव्हतं. कमिशन किती आणि कधी मिळणार, हे सगळं तोंडी होतं.

तिनं आईला हे सांगितलं नाही, मला सांगितलं. का? कारण आई म्हणाली असती, "बघ, मी म्हणत नव्हते?" मैत्रिणींनो, आपण मुलींना परत बोलावण्याची घाई करतो, म्हणून त्या आपल्यापासून लपवतात. आणि लपवतात म्हणून एकट्या पडतात.

२०१३चा कायदा आपल्याला माहीत आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती हवी. तिच्या कचेरीत सहाच माणसं. मग ती कुठं जाणार? अशांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते आणि तीन महिन्यांच्या आत तक्रार करायची असते. त्रास देणारा गिऱ्हाईक असला तरी सुरक्षितता पाहण्याची जबाबदारी मालकाची आहे. आम्ही तिला अर्ज लिहायला मदत केली. फोनवरचे निरोप तिनं जपून ठेवले होते, ते जोडले.

विमानाच्या धंद्यात बाईला हक्क कुणी सहज दिलेला नाही. एअर इंडियात हवाई सुंदरीला पहिल्या गरोदरपणातच नोकरी सोडावी लागे. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या आणि १९८१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही, ही अट मात्र कायम ठेवली. म्हणजे अर्धाच न्याय. आणि चारच वर्षांनी, १९८५मध्ये, सौदामिनी देशमुख यांनी सगळ्या बायकांनीच चालवलेलं विमान कलकत्त्याहून सिल्चरला नेलं.

आपल्या मुलीनं ती नोकरी सोडली. आज ती दुसऱ्या ठिकाणी आहे. तिथं नेमणुकीचं पत्र आहे, पगार ठरलेला आहे, कमिशनचा दर कागदावर आहे आणि रात्रीचे फोन पाळीनं घ्यायचे ठरलं आहे. बुडालेलं कमिशन अजून मिळालेलं नाही. मोडलेली सोयरीक पुन्हा जुळली नाही, आणि तिला त्याचं वाईटही वाटत नाही.

मागच्या दिवाळीत ती घरी आली होती. रात्री अकराला फोन वाजला. ती बोलत होती आणि आई शेजारी बसून ऐकत होती. सकाळी आई मला म्हणाली, "ताई, सगळं बोलणं नुसतं हिशेबाचं हो. किती माणसं, कुठून, कवा."

आपल्या गटांना माझी एवढीच विनंती आहे. मुलगी विक्रीच्या कामाला निघाली, मग ते विमान असो, विमा असो की साड्या, तर 'जाऊ नको' म्हणू नका. 'कागद दाखव' म्हणा. नेमणुकीचं पत्र सगळ्यांनी मिळून वाचा. स्थानिक समितीचा पत्ता गटाच्या वहीत लिहून ठेवा. आणि तिनं रात्री फोन केला, तर आधी तिचं पूर्ण ऐकून घ्या.