गाणे घरचे आणि गाणे भाड्याचे

मंडळी, गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो. तलासरीपासून थोडे आत, एका पाड्यावर मी लग्नाला गेलो होतो. मांडवाच्या दोन्ही अंगांना भाड्याने आणलेले मोठाले साउंडचे डबे, आणि नवऱ्याच्या चुलतभावाच्या हातात मोबाइल. पाचशे गाणी त्यात भरून ठेवलेली. वेळ झाली, मुलाने बोट दाबले, आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत राहिले. पाड्यावर रेंज नाही आणि गाण्याच्या ॲपचे भरलेले पैसे आदल्याच दिवशी संपलेले. पोर रडकुंडीला आले. "पण मी तर गाणी घेतली होती, गुरुजी!" असे तो मला म्हणाला.

त्याने गाणी घेतली नव्हती, ती भाड्याने आणली होती. त्याला हे कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

यात काय घडते ते नीट समजून घ्या, कारण शाळेतली मुले हे तुम्हांला विचारतील. अशा ॲपमध्ये आपण गाणे उतरवून घेतो तेव्हा ते फोनमध्ये येते खरे, पण कुलूप लावलेले येते. किल्ली कंपनीकडे. काही ॲपना तर महिन्यातून एकदा तरी इंटरनेटशी जोडून आपण गिऱ्हाईक आहोत याची खात्री पटवावी लागते. पैसे थांबले की किल्ली फिरत नाही. आणि कंपनीनेच दुकान बंद केले तर? तसेही झाले आहे. रेसो नावाची सेवा भारतात ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाली, आणि विंकने त्याच वर्षी गाशा गुंडाळला. लोकांनी हौसेने जमवलेल्या याद्यांना तिथे मग घर उरले नाही. रेडिओवरचे गाणेही आपले नसते म्हणा. पण रेडिओने ते आपले आहे असे कधी भासवले नाही.

पूर्वी गाणे विकत घेणे म्हणजे एक वस्तू घरी आणणे होते. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यास झाले. गौहर जान यांचा आवाज त्या वेळचाच. त्या जुन्या तबकड्या कशाच्या होत्या, ठाऊक आहे? लाखेच्या. पळसाच्या, बोरीच्या, कुसुमाच्या झाडावर किडा जी लाख करतो, तीच. म्हणजे जंगलातला माल परदेशी जाऊन गाणे होऊन परत येई! तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे मावत. रात्रभर चालणारा तारपा त्यात कसा मावणार? तो मावलाही नाही. तबकडी फुटे, चरे पडत. पण ती शेजाऱ्याला देता येई, लेकीला आंदण देता येई, आणि त्यासाठी कंपनीची परवानगी लागत नसे.

मग कॅसेट आली. फिलिप्स कंपनीने ती १९६३ मध्ये काढली, आणि आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ती इतकी स्वस्त झाली की डहाणूच्या बाजारात भाजीशेजारी मिळू लागली. तिचा मोठा गुण असा, की तिच्यात आपणही गाणे भरू शकत होतो. तबकडीत शहरातले गवई तेवढे शिरले. कॅसेटमध्ये आपली आजी शिरली.

त्या लग्नातल्या आजोबांकडे अशीच एक कॅसेट निघाली. रडवेल्या पोराला बाजूस करून त्यांनी आधी आपला लहानसा रेडिओ काढला. त्यात मेमरी कार्ड बसते, नातवाने गाणी भरून दिलेली. ते लावले आणि लग्न मार्गी लागले. (कार्डात सिनेमाची गाणी दुकानातून भरून घेणे कायद्याला धरून नाही, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे, पण त्या दिवशी मी गप्प बसलो.) रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी आतून पत्र्याची पेटी आणली. तळाशी फडक्यात कॅसेट. त्यांच्या थोरल्या लेकीच्या लग्नात, १९९१ साली, त्यांची बहीण धवलेरी होती. वारली लग्नात भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते, आणि त्यापुढे धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. तीच गाणी, एक तासाची. बहीण आता नाही.

दुसऱ्या दिवशी तलासरीत एका ओळखीच्याकडे जुना टेपरेकॉर्डर सापडला. कॅसेट घातली, आणि हिंदी सिनेमाचे गाणे सुरू झाले. घरातल्या कोणा पोराने कधीतरी तिच्यावरच दुसरी गाणी भरली होती. कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकचे दोन लहान तुकडे असतात. ते मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. ते कोणी मोडलेच नव्हते. आजोबा काही बोलले नाहीत. दुसरी बाजू शेवटपर्यंत फिरवली तेव्हा अखेरीस त्या बाईचा आवाज आला, सुमारे नऊ मिनिटे. मध्ये एक कुत्रे भुंकते, आणि कोणीतरी तिला पाणी देते.

म्हणून वस्तू हाती असली की सगळे झाले, असे मी म्हणणार नाही. आपल्या किनाऱ्यावरचा पावसाळा कॅसेटला बुरशी आणतो, फीत चिकटते. मेमरी कार्डही कायमचे नव्हे. वर्षानुवर्षे खणात पडून राहिले तर त्यातला मजकूर विरू शकतो. पण घरची वस्तू बिघडली तर आपल्या हाताने बिघडते, आणि वेळीच नक्कल केली तर वाचते. भाड्याच्या गाण्याची तशी नक्कल करण्याची सोयच नसते.

सिनेमाची गाणी कुठे ना कुठे सापडतील, त्यांची मला फार चिंता नाही. नवे गाणे ऐकायला ॲप उत्तम, मीही ऐकतो. माझा जीव अडकतो तो आपल्या पाड्यावरच्या आवाजात. धवलेरीची गाणी, घांगळीवर सांगितलेली कणसरीची कथा, सुक्या दुधी भोपळ्याचा आणि बांबूचा तारपा. तुमच्या शेजारची म्हातारी जसे म्हणते तसे ते कोणत्या कंपनीच्या यादीत असणार?

तेव्हा गुरुजनहो, फोन आहेच, त्याचा उपयोग करा. आधी गाणाऱ्याला विचारा. तिची संमती ही पहिली गोष्ट, आणि देवाधर्माचे एखादे गाणे ती 'भरू नका' म्हणाली तर भरू नका. फोन विमानातल्यासारखा बंद ठेवा, म्हणजे मध्येच घंटा वाजणार नाही. सुरुवातीला तुमच्याच तोंडाने गाव, पाडा, तारीख, गाणारीचे नाव आणि गाणे कोणत्या विधीचे ते बोला. कागद हरवतो, बोललेले गाण्याबरोबरच राहते. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत मूळ समजू नका, तिच्यात आवाज आवळला जाण्याचा संभव असतो. मूळ प्रत पेनड्राइव्हवर शाळेच्या कपाटात, दुसरी गाणारीच्या घरी, आणि दोन-तीन वर्षांनी दोन्ही नव्या वस्तूवर उतरवा. पुष्कळ जमले तर १९८२ मध्ये स्थापन झालेले लोकसंगीताचे ध्वनिसंग्रहालय आता गुरुग्राम येथे आहे, तिथे अशी मुद्रणे ठेव म्हणून सांभाळतात.

त्या नऊ मिनिटांच्या आम्ही तीन प्रती केल्या. एक आजोबांच्या रेडिओत आहे. मूळ कॅसेट पुन्हा फडक्यात बांधण्याआधी त्यांनी ती माझ्यापुढे धरली, आणि पाठीवरचे ते दोन तुकडे मी चाकूच्या टोकाने मोडून टाकले.