हातपंप : वापरास सोपा, दुरुस्तीसही सोपा



नवे यंत्र गावात रुजते की नाही, हे ते बिघडल्यावर गावाला किती दिवस तिष्ठत राहावे लागते यावर ठरते. हातपंपाचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

१९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात युनिसेफच्या साहाय्याने कठीण खडक भेदणारी, हवेच्या दाबावर चालणारी यंत्रे आणली गेली. विंधण विहिरी झपाट्याने होऊ लागल्या. मात्र त्यांवर बसविलेले बिडाचे पंप एखाद्या कुटुंबापुरत्या वापराच्या बेताने घडविलेले होते आणि तेथे पहाटेपासून सारे गाव रांग लावू लागले. सांधे झिजले, दांडे मोडले. १९७४ च्या पाहणीत बहुसंख्य पंप बंद आढळले. जमिनीखाली निर्मळ पाणी, आणि घागर मात्र पुन्हा जुन्याच डबक्यावर!

उपायाची दिशा महाराष्ट्रातच सापडली. जालना व सोलापूर येथे मिशनच्या कार्याशी संबंधित मंडळींनी बिडाऐवजी पोलादाचा, अनेक सांध्यांऐवजी एकाच आसावर फिरणाऱ्या दांड्याचा पंप तयार केला होता. त्या अनुभवावरून ‘इंडिया मार्क २’ सिद्ध झाला. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्याचा त्यात मोठा वाटा होता. कोईमतूर परिसरात त्याची कसोटी झाली आणि १९७९ मध्ये त्यास भारतीय मानक लाभले. त्यामुळे निरनिराळ्या कारखान्यांचे सुटे भाग एकमेकांस जुळू लागले. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. परंतु तालुक्याच्या भांडारात वॉशर शोधणाऱ्या कारागिरास तिचे मोल विचारावे.

या पंपात दांड्याच्या टोकाशी कमानदार पट्टी व साखळी असल्याने आतील सळई सरळच ओढली जाते. भरीव दांड्याचे वजन विहिरीतील सळयांचा भार तोलते. म्हणून शाळकरी मुलगीही तो हापसू शकते.

तरीही एक उणीव राहिली. तळाच्या दट्ट्याचे वॉशर झिजले की सगळे नळ वर काढावे लागत, आणि त्यासाठी दूरवरून वाहन व पथक येण्याची वाट पाहावी लागे. ‘मार्क ३’ मध्ये ३२ मिलिमीटरऐवजी ६५ मिलिमीटरचा नळ योजून दट्ट्या नळातूनच वर घेण्याची सोय झाली. रुंद नळ महाग व जड, ही अधिकाऱ्यांची तक्रार खरी आहे. पण पथकाच्या फेऱ्या आणि कोरडे दिवस त्या हिशेबात कोण धरतो?

दुरुस्तीस पदवीधरच हवा, हा समजही टिकला नाही. उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात ग्रामीण महिलांना हातपंप-दुरुस्तीचे शिक्षण देण्यात आले. त्यांतील अनेकींना अक्षरओळख नव्हती. त्या पाने हाती घेऊन पंप उघडू लागल्या, आणि कामाच्या नोंदी ठेवण्याची वेळ आली तेव्हा लिहावाचावयास शिकविण्याची मागणी त्यांनीच केली.