संघ घडविणारा शिक्षक

श्रोतेहो, फुटबॉलचा खेळ आपल्या देशांत रुजला तो बव्हंशीं लष्करी छावण्यांच्या आश्रयानें. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरची, छावणी ही अशाच लष्करी वसाहतींपैकीं एक. हें शहर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यांत होतें आणि त्याच राज्याच्या राजधानींत, 1909 सालीं, सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म झाला. पेशानें ते शाळामास्तर. परंतु आशियाई क्रीडास्पर्धांत भारताला फुटबॉलचें सुवर्णपदक दोनदां मिळालें तें त्यांच्याच मार्गदर्शनाखालीं.

उत्तम खेळाडू एकत्र आणले म्हणजे संघ झाला, असा पुष्कळांचा समज असतो. पण विटांचा ढीग म्हणजे घर नव्हे! रहीमसाहेबांनीं प्रथम हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ घडविला. त्या संघानें 1950 ते 1954 अशीं सलग पांच वर्षें मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. मुलांसाठीं त्यांनीं निराळ्याच स्पर्धा योजल्या. एकींत फक्त दुबळ्या पायानें चेंडू मारावयाचा. दुसरींत चेंडू स्वतःपाशीं न घोळवितां सोबत्याकडे द्यावयाचा. एकींत अंगचें वैगुण्य जाई, दुसरींत अहंकार.

1951 सालीं दिल्लींत इराणवर 1-0 असा विजय मिळवून भारतानें पहिलें सुवर्णपदक जिंकलें. पुढच्याच वर्षीं हेलसिंकी येथें युगोस्लाव्हियानें भारताचा 10-1 असा धुव्वा उडविला. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. त्या पराभवानें बूट घालण्याची निकड सर्वांस पटली. चार वर्षांनीं मेलबोर्न येथें ऑस्ट्रेलियाला 4-2 असें हरवून भारत उपांत्य फेरींत पोंचला. मुंबईच्या नेव्हिल डिसूझानें त्या सामन्यांत तीन गोल केले. अखेर भारतास चौथें स्थान मिळालें.

खरी कसोटी लागली ती 1962 सालीं, जकार्त्यांत. पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियाकडून 2-0 अशी हार झाली. थायलंडविरुद्ध बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याच्या डोक्याला जखम होऊन टांके पडले. एखाद्यानें त्याला विश्रांति दिली असती. रहीमसाहेबांनीं त्याला आघाडीच्या मध्यभागीं उभें केलें! उपांत्य सामन्यांत त्यानें गोल केला आणि 4 सप्टेंबरच्या अंतिम सामन्यांतहि केला. त्या दिवशीं प्रेक्षकांचा प्रचंड समुदाय भारताच्या विरोधांत ओरडत होता. प्रदीपकुमार बॅनर्जी व जर्नेलसिंग यांच्या गोलांमुळें भारतानें त्याच कोरियाला 2-1 असें नमविलें. कोणता खेळाडू कोठें उपयोगी पडेल हें ओळखावयास त्याला पुष्कळ दिवस जवळून पाहावें लागतें. शिक्षकाची दृष्टि ती हीच.

त्या वेळीं रहीमसाहेबांच्या देहाला कर्करोगानें ग्रासलें होतें. 11 जून 1963 रोजीं ते निवर्तले. त्यानंतर 2023 सालच्या स्पर्धेपर्यंत भारताला फुटबॉलचें सुवर्णपदक पुन्हा लाभलें नाहीं.

श्रोतेहो, यांतील बोध स्पष्ट आहे. राष्ट्राचा संघ निवडसमितीच्या खोलींत घडत नाहीं. तो गांवोगांवच्या शाळांच्या मैदानांवर, दुबळ्या पायाला बळ देणाऱ्या मास्तरांच्या नजरेखालीं घडतो. पदकांचा सत्कार आपण थाटानें करतों. अशा मास्तरांची परंपरा मात्र जपीत नाहीं. ती जपली, तरच पुढचा संघ उभा राहील.