टाचणवही रद्दीत जाण्याआधी

(विज्ञान शिक्षकांच्या संमेलनातील स्वागताध्यक्षीय भाषण, वाई)

कुणी घाट उतरून, कुणी दोन एसट्या बदलून इथवर आलेल्या विज्ञान शिक्षक बंधू-भगिनींनो,

वाईत आपलं मनापासून स्वागत. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा हे सगळं पाहूनच जा. न पाहता गेलात तर वाईकर मनाला लावून घेतात. स्वागताध्यक्षानं निधी जमवावा, जेवणाकडे लक्ष द्यावं आणि भाषण आटोपतं घ्यावं अशी रीत आहे. पहिली दोन कामं झाली आहेत. तिसऱ्याची खात्री देत नाही, कारण संमेलनाला शिक्षकांच्या ऑनलाइन पोर्टफोलिओचा विषय असा निवडलात की छापखानेवाल्यालाही बोलल्यावाचून राहवत नाही.

मी शिक्षक नाही, माझा छापखाना आहे. तुमच्या प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका आणि सेवानिवृत्तीच्या गौरविका आमच्याकडे छापल्या जातात. गौरविकेचा साचा ठरलेला. मुखपृष्ठावर फेटा बांधलेला फोटो, आत शुभेच्छा, शाल-श्रीफळ घेतानाची छायाचित्रं, पुरस्कारांची यादी, मागच्या पानावर पतसंस्थेची जाहिरात. तीस वर्षं प्रकाशाचं परावर्तन शिकवलेल्या माणसाच्या गौरविकेत परावर्तनाबद्दल एक ओळ नसते. त्याच सुमारास घरचं कपाट आवरलं जातं आणि टाचणवह्या रद्दीत जातात. मला तेव्हाही ते पटायचं नाही, पण गिऱ्हाइकाला कसं सांगणार?

आता ऑनलाइन पोर्टफोलिओचे दिवस आले आहेत, आणि पाहतो तर तोच साचा पडद्यावर चढलेला. प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं, सत्काराचे फोटो, वर ठळक अक्षरांत ‘उपक्रमशील शिक्षक’. असू द्या, पुरस्काराच्या प्रस्तावाला ते लागतं. पण वाशीमकडच्या एखाद्या बाई रात्री दहा वाजता उद्याच्या तासाची तयारी करत बसल्या असतील, तर त्यांना तुमच्या प्रमाणपत्राचा काय उपयोग? त्यांना तुमचं टाचण हवं आहे.

कसलं टाचण, ते सांगतो. आमच्या भागातल्या एका शिक्षिकेनं शून्य सावलीचा प्रयोग केला. वाईत सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो : मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जुलै सरून ऑगस्ट लागताना. मेमध्ये शाळेला सुट्टी, आणि ऑगस्टच्या तोंडावर आमच्याकडे सूर्यदर्शनाचीच मारामार. म्हणून बाईंनी सुट्टीत गावातली पोरं गोळा केली, अंगणात ओळंबा लावून काठी रोवली आणि बाराच्या ठोक्याला सगळे वाकून बसले. सावली काही जाईना. पोरं म्हणाली, “बाई, पुस्तक चुकलं!” पुस्तक बरोबर होतं. आपलं घड्याळ चालतं ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेवर आणि वाई आहे जवळपास ७४ अंशांवर. अंशाला चार मिनिटं धरली तर आपल्याकडची मध्यान्ह अर्ध्या तासानं मागे पडते. सावली काठीच्या बुडाशी शिरली तेव्हा निम्मी पोरं जेवायला पळाली होती. बाईंनी हे सगळं वहीत उतरवलंय. वेळेचा हिशेब कसा मांडला, थांबलेल्या पोरांना तो कसा समजावला, पुढच्या खेपेला किती वाजता बोलवायचं, सगळं. पाठ्यपुस्तकात हे मावत नाही. मी पाहिलेल्या कुठल्याही चकचकीत पोर्टफोलिओपेक्षा ती दोन पानं मोलाची आहेत, आणि ती अजून त्या वहीतच आहेत.

अरविंद गुप्तांचं नाव तुम्हाला नवं नाही. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, टेल्कोतली नोकरी, आणि १९७८ साली रजा घेऊन हा माणूस होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला. पुढं पुण्याला आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केलं. त्यांची वेबसाइट उघडून पाहा. काडेपेटीच्या काड्या, स्ट्रॉ, जुन्या सायकलची ट्यूब यांतून खेळणी कशी करायची याच्या कृती, चित्रं, फिती आणि पुस्तकं, मराठीतलीसुद्धा, सगळी फुकट. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण तिथं जाणारं पोर पद्मश्री बघायला जात नाही. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवलं. त्यांनी धड्यांना क्यूआर कोड कसे जोडले, हे मात्र आपल्यातल्या कितींनी विचारलं?

आणि हे वाईत बोलायचं नाही तर कुठं! मराठी विश्वकोशाचं कार्यालय या गावात आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक असताना १९७६ साली पहिला खंड आला. नाना शास्त्रांच्या जाणकारांनी आपल्याजवळचं ज्ञान मराठीत नोंदून ठेवलं, नोंदीखाली लेखकाचं नाव आलं, आणि आज ते खंड घरबसल्या वाचता येतात. तुमची कृतिपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपच्या तीन ग्रुपांतून फिरून आली की तिच्यावर दुसऱ्याचंच नाव असतं, आणि आठवड्यानं ती सुप्रभातांच्या ढिगाखाली जाते. इंटरनेटवर स्वतःच्या नावाची जागा घ्या. तिचा वर्षाचा खर्च सत्काराच्या शालीएवढाही येत नाही. आणि मूळ फाइल घरी ठेवा. जिओसिटीज २००९ साली बंद पडलं, ऑर्कुट २०१४ साली, गूगल प्लस २०१९ साली. ज्यांनी दुसरी प्रत ठेवली नव्हती, ते बसले हात चोळत.

एक गोष्ट मात्र धंद्यातला माणूस म्हणून बजावून सांगतो. युनिकोडमध्येच टाइप करा. आमच्या संगणकांत श्रीलिपी आणि तसल्या जुन्या फॉन्टांतल्या ढीगभर फाइली पडल्या आहेत. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही, तिथं ‘गुरुत्वाकर्षण’ची अशी काही खिचडी होते की बघवत नाही, आणि शोधणाऱ्याला त्यातला एक शब्द सापडत नाही. वहीच्या पानाचा नुसता फोटो चढवलात तरी पंचाईत साधारण तीच. बोटं चालत नसतील तर मोबाइलला बोलून लिहायला सांगा. जोडाक्षरं चुकवतो, पण बरंच लिहितो.

मुलांचे चेहरे टाकू नका. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो, आणि कायदा नसता तरी काठीची सावली दाखवायला चेहरा लागत नाही.

दुपारच्या सत्राला संगणक कक्ष उघडा ठेवला आहे. तुम्ही सोबत आणलेल्या टाचणवहीतलं एक पान निवडायचं, शक्यतो न जमलेल्या प्रयोगाचं, आणि संध्याकाळी गाडी धरण्याआधी ते नावानिशी चढवायचं. टायपिंगला आमच्या छापखान्यातली दोन मुलं मदतीला आहेत. आजच्या दिवस त्यांचा पगार माझ्याकडे, तेव्हा संकोच नको. जेवण बरोबर एकला, घड्याळाच्या एकला. आता संमेलनाध्यक्षांनी दीपप्रज्वलन करावं, अशी विनंती करतो.