कुणाच्या पोरांना कुठली भाषा?

(युवकांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



परमुलखात पोट भरायला गेलेल्या माणसांच्या पोरांना शाळेनं त्यांच्या मायबोलीत शिकवावं, की त्या मुलखाच्या भाषेत, असा आजचा विषय आहे. तुमच्यातले काही म्हणतील, ह्यात आपलं काय जळतंय? भाषेचा प्रश्न प्राध्यापकांचा, संमेलनाच्या मांडवातला. मी म्हणतो, नाही. शाळेत कुठली भाषा चालणार हे ठरलं, की कोण पास होणार आणि कोण हॉटेलात कपबशा विसळणार हेही ठरून जातं. हा भाकरीचा प्रश्न आहे.

मी तो कॅलिफोर्नियातून मांडणार आहे. एक तर तिथं ह्या प्रश्नावर शंभरावर वर्षं हाणामारी चालू आहे. कोर्टात झाली, रस्त्यावर झाली, मतपेटीत झाली. आणि दुसरं, कॅलिफोर्नियातल्याच ओकलंड शहरात १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष निघाला, आणि १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव उचललं ते तिथूनच. नाव उचललं, तसा तिथला धडाही उचलला पाहिजे.

आधी भाषेचं सोंग बघू.

ओकलंडसमोर, खाडीपलीकडे, सॅन फ्रान्सिस्को. चिनी मजुरांनी ह्या मुलखात डोंगर फोडून रेल्वे टाकली. काम झालं, मग १८८२ साली सरकारनं चिनी मजुरांना देशात यायला बंदी घातली. १८८४ साली मेमी टेप नावाच्या चिनी मुलीला सरकारी शाळेनं दारातून परत पाठवलं. ही मुलगी अमेरिकेत जन्मलेली, इंग्रजी बोलणारी. आईबाप कोर्टात गेले. १८८५ साली राज्याच्या सर्वोच्च कोर्टानं सांगितलं, मुलीला घ्या. तर विधिमंडळानं घाईघाईनं कायदा बदलला आणि चिन्यांसाठी वेगळी शाळा काढायची सोय केली. मेमी त्या वेगळ्या शाळेत गेली. म्हणजे इंग्रजी येत होती तरी बाहेरच. जन्म आडवा आला की कितीही शुद्ध बोला, उपयोग शून्य. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पुढे मेक्सिकन मजुरांची पाळी आली. संत्र्याच्या बागा त्यांनी राखल्या, पण त्यांच्या पोरांना शाळा वेगळी. कारण काय सांगितलं? पोरांना इंग्रजी येत नाही, त्यांच्या भल्यासाठी वेगळं बसवतो. १९४० नंतरच्या दशकात वेस्टमिन्स्टर गावात एक बाई आपल्या मुली आणि भावाची मुलं घेऊन एकाच दिवशी एकाच शाळेत नाव घालायला गेली. तिच्या मुली गोऱ्या, आडनाव फ्रेंच वळणाचं. त्यांना घेतलं. भावाची पोरं सावळी, आडनाव मेंडेझ. त्यांना सांगितलं, मेक्सिकन शाळेत जा. पोरांची इंग्रजी तपासली कुणी? कातडी तपासली, आडनाव तपासलं. मेंडेझ आणि आणखी चार कुटुंबं कोर्टात गेली, १९४६ साली जिंकली, १९४७ साली अपिलातही जिंकली. तेव्हा पहिली गोष्ट गाठीला बांधा: मायबोलीच्या नावानं पोरांना वेगळं बसवणं ही अस्पृश्यताच असू शकते. 'तुमच्या भल्यासाठी वेगळी सोय' हे वाक्य ऐकलं की आपण सावध व्हायचं.

पण वेगळं बसवणं थांबलं म्हणजे न्याय झाला का? तेही बघू.

मेक्सिकन वंशाची पोरं शाळेत होती, आणि तिथं स्पॅनिश बोललं की शिक्षा होती. कुणाला छडी, कुणाला दंड. आई ज्या भाषेत जेवायला हाक मारते ती भाषा तोंडातून निघाली म्हणून मार. पोरं मुकी झाली. मास्तर म्हणाले, मंद आहेत. मुक्याला मंद ठरवणं सगळ्यात सोपं. शेवटी मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधली हजारो पोरं शाळा सोडून रस्त्यावर आली. वय काय, पंधरा, सोळा, सतरा. मागण्या काय? स्पॅनिश बोलण्यावरची शिक्षा बंद करा. दोन्ही भाषांत शिकवा. आमचा इतिहास पुस्तकात घाला. साल कॅस्ट्रो नावाचा मास्तर पोरांच्या बाजूनं उभा राहिला. सरकारनं त्याच्यासकट तेरा जणांवर कटाचा खटला भरला. तो पुढे टिकला नाही. शाळेत मायबोली मागणं म्हणजे कट!

त्याच वर्षी अमेरिकेत दोन भाषांच्या शिक्षणासाठी पैसा देणारा पहिला कायदा झाला. पण कायदा कागदावर, आणि पोरं वर्गात. सॅन फ्रान्सिस्कोत पुन्हा चिनी पोरांचा प्रश्न उभा राहिला. इंग्रजी न येणारी २,८५६ पोरं. त्यातल्या सुमारे १,००० पोरांना इंग्रजीचा जादा वर्ग मिळाला, उरलेली सुमारे १,८०० तशीच बाकावर. फळ्यावर मास्तर लिहितोय, पोर बघतंय. शाळा म्हणाली, आम्ही भेदभाव कुठं केला? बाक तोच, पुस्तक तेच, मास्तर तोच. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. लाऊ विरुद्ध निकोल्स, १९७४. न्यायमूर्ती एकमतानं म्हणाले की जे पोराला समजतच नाही ते सगळ्यांना सारखं दिलं म्हणून समानता होत नाही. त्यांनी आधार घेतला १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा. आणि तो कायदा आणला होता काळ्या माणसांच्या चळवळीनं, लाठ्या आणि कुत्रे अंगावर घेऊन. काळ्यांनी रक्त सांडून मिळवलेल्या कायद्यानं चिनी पोराला तोंड दिलं. लढणाऱ्यांची कमाई अशी एकमेकांच्या कामाला येते.

पण न्यायालयानं एक गोष्ट मोकळी सोडली. चिनीत शिकवा, इंग्रजीचे जादा वर्ग काढा, काय करायचं ते शाळेनं ठरवावं. पोराला नुसतं बसवून ठेवू नका, एवढंच. ह्या मोकळ्या जागेत पुढची पन्नास वर्षं भांडण चाललं.

आता दुसरी बाजू. ती झाकली तर आपण प्रचारक ठरू.

कॅलिफोर्नियात स्पॅनिशमधून शिकवणारे वर्ग निघाले. काही ठिकाणी उत्तम चालले. काही ठिकाणी दोन्ही भाषा येणारे मास्तरच नाहीत, पुस्तकं नाहीत, आणि पोरं वर्षानुवर्षं त्याच वर्गात. इंग्रजी काही येईना. १९९६ साली मध्य लॉस एंजेलिसमधल्या एका शाळेवर बहिष्कार पडला. कुणी टाकला? मेक्सिकोहून आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या, कपडे शिवायच्या कारखान्यात राबणाऱ्या आईबापांनी. म्हणाले, आमच्या पोरांना इंग्रजी शिकवा. आम्ही मशीनवर वाकलो, पोरं वाकायला नकोत. ह्या बाईला, ह्या बाप्याला कुणी म्हणेल का, तुम्ही संस्कृतीशी गद्दारी केली? म्हणणाऱ्यानं आधी त्या मशीनवर बारा तास बसावं.

पण गरिबाचं दुःख खरं असलं तरी ते हातात घेऊन कोण फिरतो तेही बघावं लागतं. रॉन अन्झ नावाचा सॉफ्टवेअरच्या धंद्यातला श्रीमंत माणूस पुढे आला. त्यानं प्रस्ताव मांडला: स्पॅनिशचे वर्ग बंद, पोरांना साधारण एक वर्ष इंग्रजीचा खास वर्ग, मग टाका सगळ्यांबरोबर. जून १९९८ मध्ये मतदान झालं. ६१ टक्के लोकांनी हो म्हटलं. लॅटिनो मतदारांपैकी बहुसंख्य मात्र विरोधात गेले. म्हणजे ज्यांच्या पोरांचा प्रश्न त्यांचं मत हरलं. आणि हीच मतपेटी चार वर्षांपूर्वी काय म्हणाली होती? कागदपत्रं नसलेल्या माणसांच्या पोरांना शाळेतच घेऊ नका. १९९४ साली तो प्रस्तावही पास झाला होता, कोर्टानं अडवला. पोर शाळेत नको म्हणणारी मतपेटी चार वर्षांनी त्या पोराच्या इंग्रजीसाठी गहिवरते, तेव्हा त्या गहिवरात किती पाणी आहे हे मोजायला हवं.

निकाल काय लागला? सरकारनं पाच वर्षं अभ्यास करवला. २००६ साली उत्तर आलं: नुसत्या इंग्रजीनं पोरं पुढे गेली असं ठामपणे सांगता येत नाही. त्यांच्यातलं आणि बाकीच्या पोरांतलं अंतर जवळपास तेवढंच राहिलं.

का राहिलं? मैदानात खेळण्यापुरती, दुकानात सामान आणण्यापुरती परकी भाषा पोर वर्षा-दोन वर्षांत उचलतं. पण पुस्तकातली भाषा वेगळी. 'बाष्पीभवन', 'लोकसंख्येची घनता', 'म्हणून', 'तरीसुद्धा', 'अन्यथा', ही भाषा पचायला पाच ते सात वर्षं जातात. ह्या वर्षांत पोराचं गणित थांबणार, विज्ञान थांबणार? वजाबाकीत हातचा घेणं एकदा कळलं की कळलं. ते स्पॅनिशमध्ये कळलं तर इंग्रजीत पुन्हा शिकावं लागत नाही, फक्त नाव बदलतं. वाचायचं कसं हेही एकदाच शिकायचं असतं. मायबोलीत शिकलेलं पोर ते सगळं घेऊन दुसऱ्या भाषेत जातं. मुकं ठेवलेलं पोर रिकाम्या हातानं जातं. मायबोलीतल्या शिक्षणाची खरी बाजू ही आहे. 'संस्कृती टिकवा' ह्या भाषणबाजीपेक्षा ती भक्कम आहे.

आणि आता तमाशा बघा. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याच कॅलिफोर्नियानं ७३ टक्के मतांनी १९९८ चा तो कायदा मोडीत काढला. हृदयपरिवर्तन? थोडं असेलही. पण मधल्या काळात पैसेवाल्या गोऱ्या आईबापांना कळलं होतं की दोन भाषा येणं फायद्याचं असतं. त्यांना आपल्या पोरांसाठी स्पॅनिशच्या, चिनीच्या शाळा हव्या होत्या. २०११ साली राज्यानं दोन भाषा येणाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर खास मोहोर उठवायचा कायदा केला. जी स्पॅनिश मजुराच्या पोराच्या तोंडात रोग होती, ती साहेबाच्या पोराच्या दप्तरात गुण झाली! भाषा तीच. तोंड बदललं.

हे ओकलंडनंही पाहिलंय. डिसेंबर १९९६ मध्ये तिथल्या शाळा मंडळानं ठराव केला: काळी पोरं घरी जी इंग्रजी बोलतात ती अशुद्ध नाही, तिला स्वतःचं व्याकरण आहे, तिचा आधार घेऊन पोरांना प्रमाण इंग्रजी शिकवू. सगळा देश फिदीफिदी हसला. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञांच्या संस्थेनं सांगितलं की मुद्दा बरोबर आहे. पण हसणारे हसून मोकळे झाले होते.

तुम्हाला हे हसू ओळखीचं वाटतं ना? ते आपल्या वर्गातलं हसू आहे. 'न' आणि 'ण' वरून, 'आनी-पानी' वरून हसलेलं. परमुलखात न जाता, आपल्याच गावच्या शाळेत आपली पोरं परभाषिक ठरली.

आणि आपल्याकडे घोषणा मात्र उलटी आहे. तिकडचा प्रस्थापित गरिबाला सांगतो, तुझी भाषा टाक, फक्त इंग्रजी घे. इकडचा प्रस्थापित सांगतो, तू मातृभाषेतच शीक, मातृभाषा आईच्या दुधासारखी; आणि स्वतःचं पोरगं इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवून येतो. घोषणा दोन, तऱ्हा एक: मोक्याची भाषा आपल्या घरात, उरलेली दुसऱ्याच्या पदरात. म्हणून मी तुम्हाला सांगतो, घोषणेवर जाऊ नका. ती देणाऱ्याचं पोर कुठं शिकतं ते विचारा.

मुंबईचंच बघा. महापालिका आठ भाषांत शाळा चालवते. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड. धारावीतल्या तमिळ मजुराच्या पोराला पहिलीचा धडा तमिळमध्ये मिळतो, ही मोठी गोष्ट आहे, तिला नावं ठेवू नका. पण मुंबईत कॉलेज काही तमिळमध्ये नाही, कचेरी नाही, नोकरीची मुलाखत नाही. त्या पोराला मराठी आणि इंग्रजी पक्की करून देणार कोण? हा प्रश्न परक्याचा म्हणून सोडून देणारा माणूस मेंडेझच्या पोरांना दारातून परत पाठवणाऱ्यांच्या रांगेत उभा आहे, मग तो कितीही मराठी मराठी करो.

मग उत्तर काय? 'मायबोली की इंग्रजी' हा प्रश्नच लबाड आहे. बाबासाहेबांना कुणी म्हणालं असतं का, दोन्हीतलं एक निवडा? १९२० साली 'मूकनायक' काढला तो मराठीत, १९२७ साली 'बहिष्कृत भारत' मराठीत, कारण आपल्या माणसांशी बोलायचं होतं. गोलमेज परिषदेत बोलले ते इंग्रजीत, कारण साम्राज्याला जाब विचारायचा होता. एका भाषेनं माणसं उभी केली, दुसरीनं सत्तेची गचांडी धरली. दोन्ही लागतात.

म्हणून स्थलांतरितांच्या पोरांसाठी आपली मागणी स्पष्ट असू द्या. ती पोरं लॉस एंजेलिसची असोत, धारावीची असोत. पोराला समजतं त्या भाषेत सुरुवात करा, वाचायला आणि गणित त्या भाषेत शिकवा. पहिल्या दिवसापासून त्या मुलखाची सत्तेची भाषाही शिकवा, चांगल्या मास्तराकडून, कामचलाऊ नव्हे. त्यासाठी पोराला वेगळ्या भिंतीआड बसवू नका. आणि निर्णय त्या आईबापांना विचारून घ्या, त्यांच्या नावानं परस्पर नको. ह्यातली एक गोष्ट जरी गाळली, तरी उरलेल्या तिन्हींचा उपयोग पोराविरुद्ध करता येतो. कॅलिफोर्नियाचा इतिहास दुसरं काही सांगत नाही.

भांडण संपलेलं नाही. १ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढून इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा केलं. पोरं पुन्हा मुकी होतील अशी भीती आहे. पण १९६८ साली पंधरा वर्षांची पोरं शाळेचा दरवाजा उघडून रस्त्यावर आली होती हेही विसरू नका. त्यांनी दोन्ही भाषांत घोषणा दिल्या. आपल्याला तेवढं जमलं पाहिजे.

जय भीम.